जुना गेम विकत घेताना नेमकं काय विकत घेतात?

२०१२च्या सुमाराला स्टीफन किक नावाचा एक कलाकार गेम कंपनीतली नोकरी सोडून मध्य अमेरिकेत भटकत होता. ग्वाटेमालात मुक्कामाला असताना त्याला 'सिस्टिम शॉक २' पुन्हा खेळायची हुक्की आली. गेम १९९९चा, जवळच्या लॅपटॉपवर तो काही केल्या चालेना. नवी प्रत घ्यावी, तर ती कुठल्याच ऑनलाइन दुकानात नाही. गेम बनवणाऱ्यांपैकी लुकिंग ग्लास स्टुडिओज ही कंपनी २००० सालीच बंद पडली होती. मग आज हा गेम कोणाच्या मालकीचा? किकने माग काढायला सुरुवात केली आणि तो जाऊन पोचला एका विमा कंपनीच्या दारात. लुकिंग ग्लासने गाशा गुंडाळल्यावर गेमचे हक्क फिरत फिरत अमेरिकेतल्या स्टार इन्शुरन्स कंपनीकडे गेले होते. विमा विकणाऱ्यांना अंतराळयानात घडणाऱ्या भयकथेचं काय करायचं, हे माहीत असण्याचं कारणच नव्हतं. हक्क नुसते पडून होते.

किकने बोलणी करून परवाना मिळवला, नाइटडाइव्ह स्टुडिओज ही कंपनी काढली आणि फेब्रुवारी २०१३मध्ये 'सिस्टिम शॉक २' जीओजी या ऑनलाइन दुकानात विक्रीला आला. यातली खरी गंमत पुढे आहे. नव्या विंडोजवर गेम चालावा यासाठी लागणारी दुरुस्ती काही महिने आधीच कोणीतरी टोपणनावाने इंटरनेटवर टाकून ठेवली होती. म्हणजे तांत्रिक अडचण एका अनाम माणसाने फुकटात सोडवली होती. घोडं अडलं होतं ते कागदांवर.

कंपनीने जुना गेम बाहेर काढला, चित्रं जरा चकचकीत केली आणि लोकांच्या आठवणींच्या जोरावर तोच माल पुन्हा खपवला, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसंही होतं, नाही असं नाही. पण 'अमुक कंपनीने तमुक गेम विकत घेतला' अशी बातमी वाचल्यावर तिने नेमकं काय विकत घेतलं, एवढा एक प्रश्न विचारून बघा. काही गेम झकास परततात, काही विद्रूप होऊन येतात आणि काही कधीच येत नाहीत. त्यामागची बरीचशी कारणं याच प्रश्नाच्या उत्तरात सापडतात.

एक गेम, मालक अनेक

खेळणाऱ्याला गेम ही एक वस्तू दिसते. कायद्याच्या नजरेत मात्र ते वेगवेगळ्या हक्कांचं गाठोडं असतं. प्रोग्रॅम, चित्रं आणि कथा यांचा कॉपीराइट असतो. गेमच्या नावाचा ट्रेडमार्क वेगळा, आणि त्याचे नियमही वेगळे. ट्रेडमार्क वापरात नसला की तो हातचा जाऊ शकतो. कॉपीराइट मात्र कोणी ढुंकून बघितलं नाही तरी तसाच टिकून राहतो. अमेरिकेत कंपनीसाठी केलेल्या कामावर प्रकाशनापासून ९५ वर्षं कॉपीराइट असतो. १९८०चा गेम २०७६ साल उजाडेपर्यंत कोणाच्या ना कोणाच्या मालकीचा राहणार, मग तो मालक हयात असो, दिवाळखोर असो की त्याला आपल्याकडे असं काही आहे याचा पत्ताही नसो.

शिवाय गेममध्ये वापरलेली गाणी दुसऱ्या कोणाची असतात. आवाज देणाऱ्या नटांशी वेगळा करार असतो. गेम सिनेमावर बेतलेला असेल, तर सिनेमावाले आलेच. खऱ्या गाड्या, खऱ्या दुकानांच्या पाट्या, खरे खेळाडू दाखवले असतील, तर त्या प्रत्येकाची परवानगी लागते आणि ती बहुतेक वेळा ठरावीक मुदतीचीच असते. १९९८ साली करार लिहिणाऱ्याने वीस वर्षांनंतरच्या डाउनलोडचा विचार केलेला नसतो. त्या काळी गेम वर्ष-दोन वर्षं दुकानात राहायचा आणि मग संपायचा. तेव्हा करारही तेवढ्यापुरतेच होत.

याचं ठळक उदाहरण म्हणजे सेगाचा 'क्रेझी टॅक्सी'. मूळ गेममध्ये ऑफस्प्रिंग आणि बॅड रिलिजन या बँडची गाणी दणाणत असत आणि प्रवाशांना केएफसी, पिझ्झा हटसारख्या खऱ्या ठिकाणी सोडायचं असे. २०१० साली गेम नव्या कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्रावर, परत आला तेव्हा ती गाणी नव्हती आणि त्या पाट्याही नव्हत्या. गेम तोच, रस्ते तेच, पण ज्यांनी तो आधी खेळला होता त्यांना दुसऱ्याच शहरात आल्यासारखं वाटलं असणार. 'अॅलन वेक'च्या बाबतीत तर गाण्यांच्या परवान्याची मुदत संपली म्हणून मे २०१७मध्ये अख्खा गेमच दुकानांतून उतरवावा लागला. नव्याने करार झाल्यावर तो ऑक्टोबर २०१८मध्ये परतला. त्याच्या प्रोग्रॅमची एक ओळही मधल्या काळात बिघडलेली नव्हती.

मालक अनेक असले तरी ते सगळे माहीत असतील, तर निदान त्यांना एका टेबलाभोवती बसवता येतं. त्याला किती वेळ लागू शकतो, हे 'गोल्डनआय ००७' सांगतो. १९९७चा हा गेम ब्रिटनच्या रेअर कंपनीने निन्टेंडोच्या कन्सोलसाठी बनवला. २००२ साली रेअर मायक्रोसॉफ्टने विकत घेतली, म्हणजे निन्टेंडोच्या थेट प्रतिस्पर्ध्याने. जेम्स बाँडचे हक्क सिनेमावाल्यांकडे. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स कन्सोलसाठीची सुधारित आवृत्ती २००७च्या सुमाराला बरीच पुढे गेली होती, पण सगळ्यांचं एकमत होईना म्हणून ती गुंडाळून ठेवली गेली. अखेर जानेवारी २०२३मध्ये गेम दोन्ही कंपन्यांच्या यंत्रांवर एकाच दिवशी आला. तडजोडीच्या खुणाही त्यात दिसतात: एक्सबॉक्सवर चित्र जास्त सुबक, पण दूर बसलेल्या मित्राशी ऑनलाइन खेळायची सोय फक्त निन्टेंडोच्या स्विचवर.

मालक कोण हेच ठरत नसेल, तर मात्र काहीच करता येत नाही. 'नो वन लिव्ह्ज फॉरेव्हर' हा २०००चा गुप्तहेर गेम, समीक्षकांनी डोक्यावर घेतलेला. बनवला मोनोलिथने, प्रकाशित केला फॉक्सच्या गेम विभागाने. दुसरा भाग आला सिएराकडून. पुढे मोनोलिथ वॉर्नर ब्रदर्सने घेतली, आणि सिएराचा वारसा विलीनीकरणं होता होता अॅक्टिव्हिजनकडे गेला. नाइटडाइव्हने हा गेमही परत आणायचा चंग बांधला होता. तिन्ही कंपन्यांची दारं त्यांनी ठोठावली. कोणाचा वाटा किती, हे छातीठोकपणे सांगणारं कोणी भेटलं नाही, आणि आपला वाटा सोडायलाही कोणी तयार झालं नाही. शेवटी नाइटडाइव्हने नाद सोडला. यात कोणी दुष्ट आहे असं नाही. मोठ्या कंपनीच्या वकिलाने जुने कागद उपसण्यात घालवलेल्या तासांची किंमत, त्या गेमच्या परवान्यातून मिळणाऱ्या रकमेपेक्षा जास्त होते. गप्प बसणंच तिला परवडतं.

म्हणून 'विकत घेतला' या शब्दांच्या आत डोकावून बघावं लागतं. कधी कंपनीच विकत घेतली जाते, कधी फक्त गेमचे हक्क, आणि कधी विक्री होतच नाही, ठरावीक वर्षांचा परवाना मिळतो. बेथेस्डाने २००७ साली 'फॉलआउट'चे हक्क इंटरप्लेकडून ५७.५ लाख डॉलरला घेतले, तेव्हा जुने गेम काही वर्षं विकत राहायची मुभा इंटरप्लेने स्वतःकडे ठेवली होती. नव्या 'फॉलआउट'चं नाव एका कंपनीचं आणि जुन्यांच्या विक्रीचे पैसे दुसरीचे, असं काही काळ चाललं, आणि त्यावरून दोघी कोर्टातही गेल्या.

यातलं मला सर्वांत मजेशीर वाटणारं नाव म्हणजे अटारी. १९७२ साली नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांनी काढलेली मूळ अटारी १९८४ सालीच दुभंगली. आज अटारी म्हणून जी कंपनी वावरते ती मुळात इन्फोग्राम्स नावाची फ्रेंच कंपनी. तिने २००१ साली हॅस्ब्रोचा गेम विभाग घेतला, त्यासोबत अटारी हे नाव आलं, आणि पुढे तिने तेच नाव स्वतःला लावून घेतलं. जुने गेम विकत घेणारी ही कंपनी स्वतःच एक विकत घेतलेलं नाव आहे! २०२३मध्ये तिने नाइटडाइव्ह घेतली, त्याच वर्षी डिजिटल इक्लिप्स हा जुन्या गेममध्ये मुरलेला स्टुडिओ घेतला, आणि मे २०२४मध्ये इंटेलिव्हिजन हे नाव दोनशेहून जास्त गेमसकट खरेदी केलं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अटारी आणि इंटेलिव्हिजन ही कन्सोल एकमेकांची हाडवैरी होती. ऑगस्ट २०२५मध्ये 'कोल्ड फिअर', 'ग्रो होम' यांच्यासह युबिसॉफ्टच्या पाच गेमचे हक्कही अटारीकडे आले.

कागद मिळाले, पण कोड कुठे आहे?

समजा सगळे हक्क मिळाले. तरी हाती गेम येतोच असं नाही. घराची कागदपत्रं एकाच्या नावावर झाली, पण किल्ली कोणीतरी वीस वर्षांपूर्वी हरवून बसलंय, अशातली गत होते. इथली किल्ली म्हणजे सोर्स कोड.

प्रोग्रॅमर जे लिहितात ते माणसाला वाचता येतं: ओळी, नावं, टिपा. त्याचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करून ते डिस्कवर किंवा कार्ट्रिजवर घालतात. दुकानात विकलं जातं ते हे दुसरं रूप, ज्यात माणसाला फक्त आकड्यांचा समुद्र दिसतो. मूळ कोड असेल तर गेम नव्या यंत्रासाठी पुन्हा बांधता येतो, चुका दुरुस्त करता येतात, मोठ्या पडद्यासाठी बदल करता येतात. नसेल तर आकड्यांवरून उलटा माग काढत बसायचं.

आता वाटेल, एवढ्या मोठ्या कंपन्या कोड कसा हरवतील? पण तेव्हा तो जपायचं कोणाला कारणच नव्हतं. गेम विकून झाला, टीम पुढच्या कामाला लागली, हार्ड डिस्क पुसून पुन्हा वापरली, ऑफिस हललं, खोकी इकडची तिकडे झाली. 'किंगडम हार्ट्स' हा २००२चा गेम २०१३मध्ये नव्या रूपात काढताना स्क्वेअर एनिक्सला मूळ सामग्री सापडलीच नाही. बाजारात विकलेल्या गेममधूनच माहिती खणून बरंचसं काम नव्याने करावं लागलं. 'आइसविंड डेल २' या भूमिकाप्रधान गेमची सुधारित आवृत्ती काढायची बीमडॉग स्टुडिओची इच्छा याच कारणाने अडली.

कोड अर्धवट सापडणं हे तर त्याहून वाईट. २०१२ची 'सायलेंट हिल एचडी कलेक्शन' हे त्याचं गाजलेलं उदाहरण. गेमची मालक कंपनी कोनामी, पण तिच्याकडेही अंतिम कोड नव्हता. जो मिळाला तो गेम पूर्ण होण्याआधीचा. ज्या चुका मूळ टीमने शेवटच्या टप्प्यात निस्तरल्या होत्या त्या पुन्हा जिवंत झाल्या, आणि नव्या स्टुडिओला त्या पहिल्यापासून निस्तरत बसावं लागलं. वरून धुकं विरळ झालं. 'सायलेंट हिल २'मधलं दाट धुकं म्हणजे खरं तर यंत्राच्या मर्यादेवरची युक्ती. दूरवरचा रस्ता रंगवायची ताकद यंत्रात नव्हती, म्हणून तो झाकला. पण त्या झाकण्यातूनच गावाची भीती उभी राहिली. नव्या आवृत्तीत पलीकडचं उघडं पडलं आणि जे दिसायचं नव्हतं ते दिसायला लागलं.

कधीकधी नशीब साथ देतं. जॉर्डन मेकनरच्या १९८९च्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया'चा कोड वर्षानुवर्षं हरवलेला होता. २०१२ साली त्याच्या वडिलांना घरातल्या एका जुन्या खोक्यात फ्लॉपींचा गठ्ठा सापडला आणि त्यात तो निघाला. जुन्या यंत्रांच्या जाणकारांनी डेटा वाचून दिला आणि मेकनरने तो सगळ्यांसाठी खुला केला. कोड टिकवण्यात कंपन्यांपेक्षा माणसांच्या अडगळीच्या खोल्यांचा वाटा मोठा आहे, असं माझं मत होत चाललंय.

परत आणण्याचे चार मार्ग

पहिला मार्ग इम्युलेशनचा. नव्या यंत्रात जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम चालवायचा आणि मूळ गेम जसाच्या तसा त्याला द्यायचा. गेमला वाटतं आपण आपल्या जुन्याच यंत्रात आहोत. सोर्स कोडची गरज नाही. जपानची हॅम्स्टर कंपनी 'आर्केड आर्काइव्ह्ज' या नावाखाली २०१४पासून असेच आर्केड गेम, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्रांवरचे जुने गेम, काढते आहे, जवळपास दर आठवड्याला एक. जीओजीवरचे, विंडोजच्या आधीच्या डॉस काळातले कित्येक गेम 'डॉसबॉक्स' या मोफत इम्युलेटरच्या आधाराने चालतात. चाहत्यांनी हौसेने बनवलेल्या साधनांवर हा धंदा किती उभा आहे, हे सहसा मोठ्याने बोललं जात नाही. सोनीने २०१८मध्ये काढलेल्या छोट्या 'प्लेस्टेशन क्लासिक'च्या आतही मुक्तस्रोत इम्युलेटरच होता.

दुसरा मार्ग पोर्टचा: मूळ कोड घेऊन नव्या यंत्रासाठी पुन्हा बांधणं. नाइटडाइव्हची खासियत हीच. 'केक्स' नावाच्या स्वतःच्या इंजिनात, म्हणजे गेम चालवणाऱ्या पायाभूत प्रोग्रॅममध्ये, ते जुना गेम बसवतात. 'ट्यूरोक', 'डूम ६४', 'क्वेक' असे परत आले. तिसरा मार्ग रिमास्टर: सांगाडा जुनाच, पण चित्रं, आवाज, नियंत्रणं नवी. चौथा रिमेक, म्हणजे सगळं पहिल्यापासून. 'सिस्टिम शॉक'च्या पहिल्या भागाचा रिमेक करायला नाइटडाइव्हने २०१६मध्ये लोकवर्गणीतून तेरा लाखांहून जास्त डॉलर जमवले आणि गेम हातात पडायला मे २०२३ उजाडला. कंपन्या हे शब्द मनाला येईल तसे वापरतात, त्यामुळे खोक्यावर काय लिहिलंय यावर फार विसंबू नये.

सोपं वाटणारं इम्युलेशनही नीट केलं नाही तर फसतं. 'प्लेस्टेशन क्लासिक'मधल्या वीसपैकी नऊ गेमच्या युरोपी आवृत्त्या घातल्या होत्या. युरोपातले जुने टीव्ही सेकंदाला ५० वेळा चित्र बदलत, अमेरिका आणि जपानमधले ६० वेळा. ५०च्या हिशेबाने बांधलेले गेम आजच्या ६०च्या पडद्यावर अडखळत चालले, काही तर मुळातच संथ. माहितगारांनी पहिल्याच दिवशी ओळखलं. बाकीच्यांना फक्त एवढंच जाणवलं की लहानपणीचा गेम आपल्याला वाटला होता तितका काही खास नव्हता. हे नुकसान मला जास्त मोठं वाटतं.

जुन्या गेममध्ये यंत्राची मर्यादा आणि कलाकाराचा निर्णय यांची सरमिसळ असते, आणि ती वेगळी काढणं हेच या कामातलं खरं कसब. १९७८चा 'स्पेस इन्व्हेडर्स' घ्या. शत्रू कमी होत जातात तसे उरलेले वेगाने सरकतात आणि छातीत धडधड वाढते. तोमोहिरो निशिकादो यांनी हे मुळात ठरवलेलं नव्हतं. सगळे शत्रू रंगवताना यंत्राची दमछाक होई. ते कमी झाले की यंत्र आपोआप पळायला लागे. निशिकादोंनी ते तसंच ठेवलं. आजच्या यंत्राला दमछाक ठाऊक नाही, त्यामुळे हाच गेम नव्याने लिहिणाऱ्याला तो संथपणा मुद्दाम घडवावा लागतो. 'सॉनिक'मधला धबधबाही असाच. तो उभ्या रेघांनी काढलेला आहे. जुन्या टीव्हीवर रेघा एकमेकींत मिसळून पाणी पारदर्शक दिसे. आजच्या स्वच्छ पडद्यावर नुसत्या रेघा दिसतात. म्हणूनच चांगल्या आवृत्त्यांत जुन्या टीव्हीसारखं दिसण्याचा पर्याय दिलेला असतो.

हे कसब नसलं की काय होतं, ते नोव्हेंबर २०२१मध्ये 'ग्रँड थेफ्ट ऑटो'च्या तीन जुन्या गेमच्या एकत्र आवृत्तीने दाखवलं. पाऊस एवढा दाट की पुढचा रस्ता दिसेना. पाट्यांवर चुकीची स्पेलिंग. एका डोनटच्या दुकानाच्या नावात 'नट' शब्दावर कोटी होती आणि दुकानावर बोल्टला लावतात तसला मोठा षटकोनी नट बसवलेला होता. नव्या आवृत्तीत कडा गुळगुळीत करण्याच्या नादात तो गोल होऊन गेला. कोपरे दिसले की घासायचे, एवढंच तिथे झालं. ते कोपरे का आहेत हे बघायला बहुधा कोणाला सवड नव्हती. त्यात नवी आवृत्ती येण्याआधी कंपनीने जुन्या आवृत्त्या विक्रीतून काढून टाकल्या होत्या. लोक भडकले, गेमची कंपनी रॉकस्टारने माफी मागितली आणि संगणकावरच्या जुन्या आवृत्त्या परत दिल्या. 'ब्लेड रनर'च्या २०२२च्या सुधारित आवृत्तीत खुद्द नाइटडाइव्हनेही असाच मार खाल्ला. तिथेही जुनी आवृत्ती सोबत द्यावी लागली. ब्लिझर्डने २०२०मध्ये 'वॉरक्राफ्ट ३'चं नवं रूप काढलं तेव्हा तर ज्यांनी फक्त जुना गेम घेतला होता त्यांच्याही गेमची जागा नव्या प्रोग्रॅमने घेतली.

याच्या उलट टोकाला डिजिटल इक्लिप्सचं काम. २०२२च्या 'अटारी ५०'मध्ये गेमबरोबर बनवणाऱ्यांच्या मुलाखती, आराखडे, जाहिराती असं सगळं कालक्रमाने लावलेलं आहे. संग्रहालयात फिरत फिरत मध्येच थांबून खेळावं, तसं. २०२३मध्ये त्यांनी मेकनरच्याच 'कराटेका' या १९८४च्या गेमवर असं काम केलं, त्यात गेमचे अर्धेमुर्धे मसुदेसुद्धा खेळता येतात. नवी आवृत्ती घेताना मी स्वतः आधी एवढंच बघतो की मूळ गेम सोबत दिलाय का. एका बटणावर जुनं-नवं बदलता येत असेल, तर बनवणाऱ्याला आपल्या कामाची खात्री आहे असं समजायला हरकत नाही.

पैशांचं गणित

मोठा नवा गेम बनवायला आज दहा कोटी डॉलरच्या वर खर्च सहज जातो आणि तो चालेल याची हमी कोणी देत नाही. जुन्या गेमला नाव आहे, चाहते आहेत, आणि तो चांगला आहे हे सिद्ध झालेलं आहे. छोटी टीम तो परत आणू शकते. फार नाही खपला तरी खड्डा मोठा पडत नाही. बुडालेल्या कंपन्यांच्या लिलावात तर नावं स्वस्तात मिळतात. डिसेंबर २०१२मध्ये टीएचक्यू ही गेम कंपनी दिवाळखोरीत गेली, तेव्हा २०१३च्या लिलावात नॉर्डिक गेम्सने 'डार्कसायडर्स', 'रेड फॅक्शन' अशी कितीतरी नावं मिळून ४९ लाख डॉलरला उचलली, आणि पुढे टीएचक्यू हे नावही स्वतःला लावलं.

मात्र हक्क घेणं आणि गेम आणणं यांत अंतर आहे. नॉर्डिकचीच मूळ कंपनी एम्ब्रेसर या नावाने वाढत गेली, स्टुडिओमागून स्टुडिओ घेत सुटली. 'टाइमस्प्लिटर्स'चे हक्क २०१८मध्ये तिच्याकडे आले. मूळ गेम बनवणारा फ्री रॅडिकल स्टुडिओ २०२१मध्ये त्यासाठी पुन्हा उभा केला. २०२३मध्ये दोन अब्ज डॉलरचा एक अपेक्षित करार फिसकटला, खर्चकपात सुरू झाली, आणि त्या डिसेंबरमध्ये फ्री रॅडिकल बंद झाला. माणसं गेली, अर्धवट गेम गेला. नावाची मालकी तेवढी कंपनीकडे उरली.

जे येतच नाहीत

व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. २०१०च्या आधी अमेरिकेत निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम तेव्हा नव्याने विकत मिळत नव्हते. कमोडोर ६४ या एकेकाळच्या लाडक्या संगणकाचे तर पाच टक्केही गेम विक्रीत नव्हते. दुकानांत जुन्या गेमची गर्दी दिसते ती सगळी उरलेल्या १३ टक्क्यांतली, आणि त्यातही तीच ती गाजलेली नावं. जीओजीने नोव्हेंबर २०२४मध्ये शंभर गेम पुढेही चालते ठेवण्याची जबाबदारी जाहीरपणे घेतली, ते चांगलंच आहे; पण तेही आधीच विक्रीत असलेलेच गेम.

मग बाकीच्यांसाठी ग्रंथालयं आहेतच की, असं कोणी म्हणेल. अमेरिकेत ग्रंथालयांना जुने गेम जतन करायची परवानगी आहे, पण अभ्यासकाला ते ग्रंथालयाच्या इमारतीत येऊनच बघावे लागतात. दुरून, स्वतःच्या संगणकावरून बघता यावेत अशी सवलत मागितली गेली होती. गेम कंपन्यांच्या संघटनेने विरोध केला: लोक अभ्यासाच्या नावाखाली मजेसाठी खेळतील आणि जुन्या गेमच्या पुनर्विक्रीचा बाजार बुडेल. ऑक्टोबर २०२४मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने सवलत नाकारली. म्हणजे जे गेम कोणी विकतच नाही, ज्यांचे कागद कुठल्या कपाटात आहेत हे मालकालाही ठाऊक नाही, त्यांच्याही वाट्याला त्या १३ टक्क्यांच्या बाजाराचं कुलूप आलं.